येडवूड

जुनी कात्रणं आवरताना परवा माझाच एक लेख सापडला. रविवार पुरवणीतला, २००८ सालचा. मथळा : 'जगातला सर्वांत भिकार दिग्दर्शक'. खाली ठळक अक्षरात माझं नाव. तेव्हा नाव छापून आलं की मी अंक दोन घ्यायचो, एक आईसाठी.

लेखाचा सगळा माल एका इंग्रजी पुस्तकातून आला होता. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर स्वस्तात मिळालेलं 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स'. १९८० चं पुस्तक, हॅरी आणि मायकल मेडवेड या दोन भावांचं. अमेरिकेत आपटलेल्या सिनेमाला 'टर्की' म्हणतात. त्यामुळे वाईटातल्या वाईट सिनेमांना, नटांना हे भाऊ गमतीचे पुरस्कार देतात. वाढदिवसाला मित्राला द्यावं, त्यानं कुठलंही पान उघडून हसावं, असं पुस्तक. त्यात सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरला एड वूड आणि सर्वांत वाईट सिनेमा त्याचाच 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. आधी १९७८ मध्ये हॅरीचंच 'फिफ्टी वर्स्ट फिल्म्स' नावाचं पुस्तक आलं होतं, त्यात वाचकांकडून मतं मागवली होती. त्या मतांवरून हा सिनेमा निवडला.

आता पेपरच्या आतली गोष्ट सांगतो. ऑफिसात गंभीर पुस्तक आलं की ते 'साभार पोच'मध्ये जातं. नाव, लेखक, पानं, किंमत, संपलं. विनोदी पुस्तक आलं की मात्र डेस्कवर उड्या पडतात, कारण त्याचं परीक्षण लिहावंच लागत नाही. पुस्तकातले आठ-दहा विनोद उचलायचे, मध्ये आपली दोन वाक्यं टाकायची, मजकूर तयार. एड वूडचं नेमकं तेच झालं. भावांनी केलेली चेष्टा पेपरांनी उचलली, एका पेपरातून दुसऱ्यात गेली आणि 'जगातला सर्वांत वाईट सिनेमा' ही त्या सिनेमाची कायमची ओळख होऊन बसली. मूळ मतदान एका गमतीच्या पुस्तकाच्या वाचकांचं होतं, हे कोण सांगत बसतो?

त्याच पुस्तकात लेखकांनी वाचकांना एक आव्हान दिलंय. यातला एक सिनेमा आम्ही बनवून घातलाय, ओळखा. तो होता 'डॉग ऑफ नॉर्वे', एका कुत्र्याचा सिनेमा. असा सिनेमा कधी निघालाच नाही. मी पुस्तकातून पाच नावं माझ्या लेखात घेतली होती. त्यात हा कुत्रा आला नाही, एवढंच नशीब. आला असता तर तोही छापला असता.

आणि 'प्लॅन नाइन' मी पाहिलाच नव्हता!

तो पाहिला गेल्या महिन्यात, रात्री, मोबाइलवर. सव्वा तासाच्या थोडा वर. सेट हलतात, दिवसाची मध्येच रात्र होते, हे सगळं खरं. पण बेला लुगोसी, 'ड्रॅक्युला'वाला, १९५६ मध्ये वारला आणि वूडकडे त्याचं चित्रीकरण होतं फक्त काही मिनिटांचं. मग बायकोच्या मणक्याच्या डॉक्टरला उभं केलं, झग्यानं तोंड झाकायला लावलं आणि सिनेमा पुरा केला. पैसे चर्चच्या मंडळींचे, त्यासाठी स्वतः बाप्तिस्माही घेतला. मला हसू आलं, पण वेगळं आलं. हा माणूस डिसेंबर १९७८ मध्ये गेला, चोपन्नाव्या वर्षी, राहतं घर सुटल्यावर, मित्राच्या खोलीत. पुरस्कार 'मिळाला' तेव्हा तो हयातच नव्हता. १९९४ मध्ये टिम बर्टननं त्याच्यावर सिनेमा काढला, लुगोसीच्या भूमिकेला मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं.

चेष्टा करू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे शिरीष कणेकरांनी आयुष्यभर 'फिल्लमबाजी' केली आणि आपण पोट धरून हसलो. पण ते सिनेमे त्यांनी थिएटरात बसून, जीव लावून पाहिलेले होते.

हे सगळं आज लिहितोय, त्याचं कारण त्या कात्रणाच्या मागच्या पानावर आहे.

माझा लेख आला त्याच महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका गृहस्थानं मराठी सिनेमा काढला होता. जमिनीचा तुकडा विकून. आपल्या जुन्या टॉकीजला तीन दिवस लागला. मी मध्यंतराला उठलो आणि त्या पुस्तकाच्या ढंगात चौकट लिहिली : 'आपल्या तालुक्याचा एड वूड'. लोकांना आवडली. मला फोन आले, संपादकांनी पाठ थोपटली. आठ दिवसांत चौकातल्या पोरांनी त्याचं 'येडवूड' केलं. पुढं पुढं तर ज्यांनी सिनेमा पाहिला नाही आणि माझी चौकटही वाचली नाही, तेही त्याला त्याच नावानं हाक मारायचे.

हॉलिवूडच्या रॅझी पुरस्कारवाल्यांनी २०२२ मध्ये ब्रूस विलिसचं आजारपण कळल्यावर त्याला दिलेला 'पुरस्कार' मागं घेतला. मी काय मागं घेणार? पेपरात खुलासा छापतात तो सातव्या पानावर, निविदांच्या खाली. चौकातलं नाव त्यानं पुसतं होय?

ते गृहस्थ आता मंडप-डेकोरेशन करतात. मागच्या आठवड्यात एका लग्नात भेटले, खुर्च्या मोजत होते. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या सिनेमावर मी लिहिलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय की, साहेब."

"मी पूर्ण पाहिला नव्हता."

ते हसले. "माहीत आहे. मी दारातच उभा होतो. तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं, चहाला चाललात." मग म्हणाले, "इंटरव्हलनंतर आईचा एक सीन होता. तेवढा बरा झाला होता. सीडी पोराकडं आहे, पुण्याला. तो आला की फोन करतो."

फोन अजून आलेला नाही. नंबर माझ्याकडंही आहे, पण मीही केलेला नाही.