माझा बंदुकांचा संग्रह

कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी काड्यापेटीवरची चित्रे, कुणी नटनट्यांचे फोटो. मी बंदुका जमवीत असे. वाचकांनी दचकू नये. माझ्या सगळ्या बंदुका एका शंभर पानी वहीत मावत होत्या, आणि ती वही गादीखाली ठेवली तरी झोपताना टोचत नसे.

१९८२ साली मी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आलो आणि एन.सी.सी.त नाव घातले. देशभक्ती होतीच, पण परेडनंतरच्या नाश्त्याचाही त्यात वाटा होता हे कबूल केले पाहिजे. काही रविवार नुसते डावे-उजवे झाल्यावर एकदा कोताचे कुलूप निघाले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक रायफल आली. हीच ती प्रसिद्ध थ्री नॉट थ्री. नळीचे तोंड .३०३ इंचाचे, म्हणून हे नाव. लांबी पावणेचार फुटांच्या आत-बाहेर, वजन चार किलोच्या आसपास; पण दहाव्या ‘सलामी शस्त्र’नंतर ते चाळीस वाटते. इतर मुले तळहात चोळत होती तेव्हा मी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे वाकून पाहत होतो. वर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही अक्षरे, त्याखाली इशापूर आणि साल १९४३. माझ्या वडिलांच्या मुंजीचे साल! ज्या वस्तूला मी सकाळपासून मनातल्या मनात शिव्या देत होतो ती वयाने माझ्या दुप्पट मोठी होती. मला एकदम ओशाळल्यासारखे झाले.

त्या दिवसापासून वेड लागले. जी.आर.आय. म्हणजे लॅटिनमध्ये ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’. इशापूर म्हणजे कलकत्त्याजवळचा सरकारी रायफल कारखाना. पण सगळ्याच रायफली तिथल्या नव्हत्या. कुणावर इंग्लंडातल्या एन्फील्डचे नाव, कुणावर बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.चे, तर एकीवर चक्क ऑस्ट्रेलियातल्या लिथगोचे. ती कुठल्या बोटीने आणि कुणाच्या खांद्यावरून आमच्या गावापर्यंत आली असेल, या विचारात माझे ‘दहिने मुड’ हमखास चुकायचे. स्वातंत्र्यानंतर इशापुरात घडलेल्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. राज्य बदलले, शिक्का बदलला. रायफल मात्र तीच राहिली.

मग मी गावभर रायफली हेरू लागलो. कोषागाराच्या दारातला पहारेकरी, गणपतीच्या बंदोबस्ताचे शिपाई, सव्वीस जानेवारीचे संचलन. मी माणसांकडे पाहतच नसे. जिचे तोंड बोथट, लाकडाच्या टोकाशी बसलेले, ती जुन्या घडणीची मार्क थ्री. जिची नळी टोकाशी बोटभर पुढे आलेली, ती दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर. आणि जिची काडतुसांची पेटी चौकोनी, डब्यासारखी, ती तर थ्री नॉट थ्री नव्हेच. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने त्याच अंगलटीत, पण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवलेली. हे ओळखता आले की मला इतका आनंद होई की मराठीच्या पेपरात अलंकार ओळखतानाही तो कधी झाला नाही.

परदेशात हा छंद पैसे टाकून करता येई. अमेरिकेत युद्धानंतर उरलेल्या लष्करी रायफली टपालाने घरपोच मिळत. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून ज्या इटालियन रायफलीने झाला, ती अशीच, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर किमतीला, टपालाने मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने हा टपालधंदा बंद झाला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे असली लष्करी रायफल घरात आणण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी शिक्क्यावर कागद धरून त्यावरून मऊ शिसपेन्सिल घासायचो. मुकुट, अक्षरे, साल, खालचा क्रमांक, सारे कागदावर उमटे. ते वहीत चिकटवायचे. हाच माझा संग्रह.

कोत आमच्या उस्तादांच्या ताब्यात होता. उस्ताद मराठा पलटणीतले हवालदार, सातारा जिल्ह्यातले. रायफली पुसायच्या दिवशी मी चिंदी आणि तेल घेऊन सर्वांत आधी हजर, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. पेन्सिल घासताना पाहून ते हसत, “आरं पोरा, बंदुकीची जलमपत्रिका मांडतोयस व्हय?” त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. “म्हाताऱ्याला पोरांच्या जलमतारखा सांगता येत न्हाईत, पर रायफलीचा नंबर अजून इचारा,” असे ते सांगत.

दिवाळीच्या सुटीपूर्वी वरून तपासणी झाली. माझी वही कोतातल्या बाकावर राहिली होती. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ती उघडली. शस्त्रागारातल्या रायफलींचे क्रमांक, शिवाय कोषागाराच्या पहाऱ्यावर कुठली हत्यारे असतात याची नोंद, आणि हे सारे एका पोराच्या वहीत! मला दोन तास उभे करून विचारले. मी रडलो, मला सोडून दिले. वही जप्त झाली, पुन्हा दिसली नाही. पण उस्तादांना कोणी सोडले नाही. सगळा कोत पुन्हा मोजला गेला, जबान्या झाल्या आणि त्यांची मंजूर झालेली रजा रद्द झाली. घरी मुलीचे बारसे होते. ते तिला पाहायला गेलेच नव्हते.

दिवाळीनंतर परेडला ते नेहमीसारखेच होते. मला एकदाच म्हणाले, “नंबर लिव्हायचा आसंल तर इचारून लिव्हावा, पोरा. त्यापायी मानूस अडकतो.” मी मान खाली घातली. “उस्ताद, चुकलो,” एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलीस हीच जुनी थ्री नॉट थ्री घेऊन स्वयंचलित बंदुकांसमोर उभे राहिले. ते छायाचित्रांत पाहताना सवयीने नजर आधी रायफलीच्या तोंडाकडे गेली. मग मी मुद्दाम माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तोवर आयुष्याची पंचवीस वर्षे गेली होती.

आपल्याकडच्या काही गावांत भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी आढळते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके मेले. आकडे आहेत, नावे नाहीत. अशी पाटी दिसली की मी आता आसपासच्या म्हाताऱ्यांना नावे विचारतो. बहुतेकांना ठाऊक नसतात. कुणी एखादे सांगितले तर लिहून घेतो, विचारून लिहितो.

जुन्या संग्रहातला एकच कागद उरला आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून घातला होता, म्हणून वाचला. मुकुट, जी.आर.आय., इशापूर, १९४३. खाली क्रमांक आहे. तो मी इथे देत नाही. उस्तादांना विचारलेले नाही.