बंदूक खाली करण्याची कळ

खेळ बंदुकीचा, खेळणारे सगळे बंदूकधारी, आणि त्यांतल्याच काहींना हवे काय, तर बंदूक खाली करता यावी! अशी कळ दाबून गुण वाढत नाहीत, शत्रू पडत नाही, आपला जीवही वाचत नाही. उलट जो शिपाई ती दाबील तो सर्वांत आधी मरेल. तरीही 'हेलो २' या अमेरिकन व्हिडिओ गेममध्ये २००४ साली ती मुद्दाम बसवण्यात आली. व्हिडिओ गेम म्हटले की आपल्यासारख्या पालकांच्या कपाळाला आठी पडते. तशी ती माझ्याही पडते. पण या कळीची हकीकत माझ्या भाच्याने मला सांगितली, आणि तेव्हापासून निदान त्या एका आठीची घडी थोडी सैल झाली आहे.

प्रकार असा आहे. खेळात डोंगर असतात, किल्ले असतात, ऊन-पाऊस असतो, पोशाख केलेली माणसे असतात. म्हणजे नेपथ्य, प्रकाशयोजना आणि वेशभूषा आयतीच तयार! चार मित्र चार पात्रे चालवतात, पाचवा आपल्या पात्राच्या डोळ्यांनी पाहत राहतो; तो जे पाहतो ते टिपून घ्यायचे, वर आपले आवाज चढवायचे, की झाला सिनेमा. १९९६ साली 'क्वेक' नावाच्या खेळात काही गड्यांनी 'डायरी ऑफ अ कॅम्पर' नावाची जेमतेम दीड मिनिटाची फिल्म अशीच केली. या कलेला पुढे 'मशिनिमा' म्हणू लागले. मशीन आणि सिनेमा यांचा हा संधी. पण सुचवणाऱ्याने सुचवले 'मशिनेमा' आणि लिहिणाऱ्याने एक अक्षर चुकवले, तेच रूढ झाले. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात ज्याची हयात चालली आहे त्याला एखादी चूक अशी अजरामर झालेली पाहून काय वाटत असेल, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. मी त्याला 'खेळपट' असा प्रतिशब्द काढला. भाचा म्हणाला, "मामा, राहू दे."

तर ती कळ. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी काही मित्रांनी १ एप्रिल २००३ पासून 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका 'हेलो'च्या पहिल्या खेळात चित्रित करून दाखवायला सुरुवात केली. मुहूर्त पाहा! दरीच्या दोन टोकांना दोन ठाणी, एक तांबड्यांचे, एक निळ्यांचे. शिपायांना लढायचा कंटाळा. ते आपले उभे राहून गप्पा मारतात, आपण इथे आलो तरी कशाला, असल्या. चेहरे शिरस्त्राणात झाकलेले, म्हणून ज्याची मान हलेल तो बोलतो आहे असे समजायचे. खेळाची आकडे दाखवणारी चिन्हे पडद्यावर येत, म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या मारायच्या. संमेलनात पलंगपोसाचा पडदा ज्यांनी बांधला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अडचण बंदुकीची होती. खेळाची रचनाच अशी की, समोरच्याकडे पाहायचे म्हणजे त्याच्यावर नळी रोखायची. आता छातीवर नळी धरून दोन मित्र हवापाण्याच्या गप्पा कशा मारणार? पण खेळात एक खोट राहून गेली होती. हातात पिस्तूल घेऊन पात्राला थेट जमिनीकडे पाहायला लावले, की इतरांना ते मान सरळ आणि शस्त्र खाली करून उभे असलेले दिसे. त्या खोटीवर मालिका उभी राहिली. 'हेलो २' करताना बंजी या कंपनीने ती खोट दुरुस्त केली, पण या हौशी मंडळींची सोय म्हणून शस्त्र खाली करण्याची रीतसर तरतूद ठेवली. पुढे २००७ च्या 'हेलो ३' मध्ये तर खेळलेला खेळ साठवून, कॅमेरा हवा तिथून फिरवून पाहण्याची सोय आली. ती मालिका २०२४ पर्यंत, म्हणजे तब्बल एकवीस वर्षे चालली. इकडे जगभरच्या हौशी लोकांना कळून चुकले की कंपन्या ऐकतात; निदान कधीकधी ऐकतात. मग अर्ज, विनंत्या, सह्या! आकडे लपवण्याची सोय द्या, कॅमेरा सुटा करा, पात्रांना मान डोलावू द्या.

या मागण्या वाचताना मला जुन्या वाड्यातल्या भाडेकरूची आठवण होते. घर मालकाचे, भाडेकरूला फक्त भिंतीत एक खिळा ठोकायचा असतो. २००७ साली 'हेलो'च्या मालकीणबाई मायक्रोसॉफ्ट यांनी नियम जाहीर केले, त्यांचा मथितार्थ हाच: खुशाल खिळा ठोका, फक्त त्यावर दुकान मांडू नका. मला यात कंपनीचे औदार्य थोडे आणि हिशोब जास्त दिसतो. फुकटात जाहिरात कुणाला नको असते? पण खिळा मिळाला, हे खरे.

आता भाच्याविषयी. ताईचा हा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. बोलणे बेताचे. भावजी गेली सहा वर्षे नोकरीसाठी मस्कतला. रोज रात्री त्यांचा फोन येतो. प्रश्न तीन: "जेवलास का? अभ्यास काय म्हणतो? आईला दे." उत्तरेही तीन: "हो. बरा. देतो." हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की, तो कुणी मला परीक्षेत रिकाम्या जागा भरायला दिला तरी पूर्ण गुण मिळतील.

गेल्या मे महिन्यात त्याने मला आपली सहा मिनिटांची फिल्म दाखवली. रात्र. तटावर दोन शिपाई पहाऱ्याला. एक थोराड, एक कोवळा. थोराड विचारतो, "जेवलास का?" कोवळा म्हणतो, "हो." "काम काय म्हणतं?" "बरं." मग बराच वेळ कुणी बोलत नाही, नुसता वारा. मी खुर्चीत जरा सावरून बसलो. आणि मग तो कोवळा शिपाई म्हणतो, "आणि तू? तू काय जेवलास?" थोराड लगेच उत्तर देत नाही. मग सांगू लागतो: भात लावला होता, खाली लागला, डाळ कालचीच होती. लांबलचक सांगतो. फिल्म एवढीच. दोन्ही आवाज भाच्याचेच. त्याच्या तोंडून इतकी वाक्ये मी सलग कधी ऐकली नव्हती.

पण त्याच्या खेळात ती कळ नाही. शिपाई आडोशामागे उभे करून त्याने नळ्या बऱ्याच लपवल्या आहेत, नेमक्या "तू काय जेवलास?" या वाक्याला मात्र कोवळा पुढे येतो आणि त्याची बंदूक थोराडाच्या छातीवर येते. तीन रात्री जागून त्याला ती हटवता आली नाही.

"बाबांना दाखवलीस?" मी विचारले.

"बंदूक खाली झाली की दाखवीन."

ज्यांना हे खूळ वाटते त्यांना मी फ्रान्सकडे बोट दाखवीन. २००५ च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसच्या क्लिशी-सू-बुआ उपनगरात पोलिसांना घाबरून वीजकेंद्रात लपलेली दोन मुले विजेच्या धक्क्याने गेली आणि देशभर दंगली उसळल्या. अलेक्स चॅन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने पूर्वी कधी फिल्म केली नव्हती. सिनेमे बनवण्याचाच 'द मूव्हीज' नावाचा खेळ तेव्हा नुकताच आला होता. त्यात बसून त्याने थोड्या दिवसांत तेरा मिनिटांचा 'द फ्रेंच डेमोक्रसी' केला. त्यातले पॅरिस न्यूयॉर्कसारखे दिसते, कारण खेळात पॅरिस नव्हतेच! संवाद मोडक्या इंग्रजीत खाली लिहिलेले. पण उपनगरातल्या काळ्या आणि अरब पोरांची बाजू वर्तमानपत्रांनी त्या फिल्मच्या निमित्ताने छापली.

मात्र भाडेकरूचे सुख मालकाच्या मर्जीवर. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा खेळ २०१३ साली आला. त्यात फिल्म जुळवण्याचे अवजार, 'रॉकस्टार एडिटर', संगणकावर २०१५ च्या एप्रिलमध्ये आणि प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या यंत्रांवर सप्टेंबरात मिळाले. ज्या जुन्या यंत्रांवर खेळ प्रथम आला त्यांच्या वाट्याला ते कधीच आले नाही. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या दोन यंत्रांवरूनही काढून घेतले गेले. योग असा की, त्याच वर्षी त्याच खेळात चित्रित झालेला 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' हा माहितीपट गाजला. २०२१ च्या टाळेबंदीत नाटकगृहे बंद पडलेल्या दोन इंग्रज नटांनी त्या खेळाच्या नगरीत 'हॅम्लेट' बसवायला घेतले. तालमीच्या मध्येच कुणीतरी अनोळखी खेळाडू येई आणि नटाला गोळी घाली. आगरकरांच्या 'विकारविलसिता'त गणपतराव जोशांनी गाजवलेल्या चंद्रसेनावर असा प्रसंग कधी आला नसावा.

भाच्याने त्याच्या खेळाच्या कंपनीला पत्र लिहिले. सही करणारे जमवले: त्याच्या वर्गातले सात, ब्राझीलचा एक, पोलंडचे दोघे. उत्तर आले की, सूचनेची नोंद घेतली आहे. सरकारी कचेऱ्यांशी माझा परिचय जुना असल्यामुळे मी गप्प राहिलो. त्याने मात्र दुसरे पत्र लिहायला घेतले आणि मसुदा माझ्यापुढे ठेवला. पहिली मागणी तीच, बंदुकीची. खाली दुसरी नवी: पात्रांना जमिनीवर बसता यावे.

"अरे, एक तरी पदरात पडू दे," मी म्हटले. "बसायचे कशाला?"

"मामा," तो म्हणाला, "उभ्याने कसे जेवतील?"