मगनवाडीतील खादी

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. चरख्यांचे दालन पाहून झाले की पाहुण्याची पावले खादीकडे वळतात. सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांत रंगवलेली.

शहरी ग्राहक आता कापूस कसा पिकला हेही विचारू लागला आहे. ही मागणी स्वागतार्हच. परंतु हिशेब बांधावर मांडून पाहिला पाहिजे. रासायनिक खते व फवारण्या थांबविल्यानंतर सेंद्रिय प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. या काळात उतारा बहुधा घटतो आणि माल मात्र साध्या कापसाच्या भावाने विकावा लागतो. (कर्जाचे व्याज काही थांबत नाही.) त्यातच बीटी वाण सेंद्रिय शेतीत वर्ज्य. २००२ मध्ये त्यांना परवानगी मिळाल्यापासून शिवारे त्यांनीच व्यापली. खात्रीचे बिगर-बीटी बियाणे शोधणे हेच एक काम होऊन बसले आहे.

खादीच्या सदऱ्याला ग्राहक जादा दाम मोजतो, तो कापड शिवून झाल्यावर. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला पैसा लागतो, तो मृगाच्या आधी.