कोब्याखालचे पाणी

आमच्या घरात नळ दिसतो. नळापर्यंत पाणी कोठून येते ते मात्र दिसत नाही. आजोबांनी १९७४ साली घर बांधले, तेव्हा लोखंडी पाइप जमिनीत घालून वर लाल कोबा केला. भिंतीवरून पाइप नेणे त्यांना गबाळेपणाचे वाटे. तो कोबा आजीने इतकी वर्षे असा पुसला आहे, की त्यात तोंड दिसावे!

गेल्या वर्षी पावसाळा सरून दोन महिने झाले, तरी स्वयंपाकघरात एक जागा ओलीच. बाबांनी सारे नळ बंद करून मीटर पाहिला. काटा फिरतच होता. म्हणजे चोर घरातलाच.

मिस्त्री पहाटे, पाणी सुटण्याच्या वेळी आले. पहारेचे एक टोक कोब्यावर, दुसरे कानाशी. मोरीपासून ओट्यापर्यंत दहा-बारा ठिकाणी ऐकून म्हणाले, “इथं.” ओल तर तेथून दोन हात लांब! पाणी फुटते एकीकडे आणि वाट काढीत वर येते भलतीकडे.

आजी त्या जागेवर जाऊन बसली. “माझ्या कोब्याला छिन्नी लावायची नाही.”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. “आजी, सकाळचं पहिलं पाणी कसं येतं?”

“गढूळ. दोन बादल्या सोडून द्याव्या लागतात.”

मग त्यांनी सांगितले, की पाणी चालू असते तोवर भोकातून बाहेर जाते; ते बंद होऊन पाइप रिकामा होऊ लागला, की तेच भोक बाहेरचे आत ओढते. आमच्या भिंतीलगत गटार आहे. वहिनींचे चार महिन्यांचे बाळ पाळण्यात होते. आजीने तिकडे पाहिले आणि उठली. “फोड रे बाबा. पण वीतभरच.”

पाइप सडला होता तो जोडापाशी, अगदी आट्यांवर. लोखंडाला गंजापासून जपतो तो जस्ताचा मुलामा, आणि आटे पाडताना नेमका तोच कापला जातो. तुकडा बदलून भागले असते, पण मिस्त्री म्हणाले, “एक जोड गेला. बाकीचे त्याच वयाचे.” तेव्हा जुनी लाइन दोन्हीकडून बंद करून नवा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीवरून नेला. बाबांना तो डोळ्यांत खुपतो. मला आवडतो. गळलाच तर निदान दिसेल तरी!

खड्डा सिमेंटने बुजवला. खालचे पाणी थांबवायला एवढी यातायात केली, आणि आता त्याच जागी वरून आठवडाभर पाणी मारायचे होते. ते काम आजीने कोणाला करू दिले नाही. मिस्त्रींनी लाल रंग मिसळला होता, तरी ठिगळ फिकेच दिसते. आजी रोज ते पुसते. जरा जोर लावूनच.