यंत्राची गुणगुण

आवाज नकोसा झाला म्हणजे मनुष्य त्याचें कारण शोधीत बसत नाहीं. तो बंद कसा होईल एवढेंच पाहतो. तीस वर्षें वर्गांत शिकवून जें आम्हांला उमगलें नाहीं, तें पालघरच्या आमच्या दिवाणखान्यांत एका ध्वनियंत्रानें शिकविलें.

आमचे चिरंजीव तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत कामाला आहेत. गेल्या दिवाळींत त्यांनीं बोईसरहून 'होम थिएटर' आणलें: एक ॲम्प्लिफायर, पांच लहान स्पीकर आणि खर्जासाठीं एक मोठा. आमच्या दिवंगत मातोश्रींच्या ओव्या एका जुन्या कॅसेटवर आहेत. त्या आतां नीट ऐकूं येतील, ही आमची खरी हौस. परंतु पहिल्या ओवीपूर्वींच खर्जांत एक अखंड गुणगुण सुरू झाली. दोन ओळींच्या मध्यें मातोश्री श्वास घेत, तो श्वासच आम्हांला ऐकावयाचा होता. नेमका तोच तिनें गिळला.

चिरंजीव येईपर्यंत थांबावें, असें कुटुंबाचें म्हणणें. पण शेजारच्या गृहस्थांनीं उपाय सांगितला, "प्लगची ती जाड तिसरी पिन कापून टाका." आम्हीं पकडीनें कापली, आणि खरोखरच गुणगुण थांबली! संध्याकाळीं चिरंजीव परतले. प्लग पाहतांच त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, आंतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनींत नेणारी वाट हीच. तुम्हीं तीच तोडलीत. आणि बाळ दिवसांतून दहा वेळां त्या पत्र्याला हात लावतो."

आमच्या अंगावर कांटा आला.

नवा प्लग बसविला, गुणगुण परत आली, आणि मग रीतसर तपास झाला. बाहेरून येणाऱ्या सर्व तारा काढल्या, तेव्हां ती थांबली; म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. एकेक तार पुन्हां जोडली. कॅसेटच्या तारेनें कांहीं झालें नाहीं. टीव्हीची तार लावतांच गुणगुण हजर. गच्चीवरून टीव्हीला येणारी केबल उपसली, कीं पुन्हां गप्प. त्या केबलचें वेष्टण बाहेर एका जागीं जमिनीला जोडलेलें, तर ॲम्प्लिफायर घरांत दुसऱ्या जागीं. दोन्ही जागा नांवाला 'जमीन'च, पण त्यांच्या विद्युत्पातळींत थोडा फरक असतो. त्यामुळें ध्वनीच्या तारेच्या वेष्टणांतून वीज फिरूं लागते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. तोच सूर, किंवा त्याच्या दुपटीचा, स्पीकरमधून उमटतो. तारापूरला १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्याच्या शेजारीं आयुष्य काढून आम्हांला विजेचें एवढेंही ठाऊक नव्हतें!

केबल आणि टीव्ही यांच्यामध्यें चिरंजीवांनीं बोटाएवढा आयसोलेटर बसविला. त्यांतून चित्र व ध्वनि पलीकडे जातात, पण वेष्टणाची धातूची जोड तुटते. सर्व प्लगही एकाच बोर्डावर घेतले. तिसरी पिन मात्र जागच्या जागीं राहिली.

रात्रीं कॅसेट लावली. फितीची खरखर होतीच, ती जुनीच. पण पहिली ओळ संपली, आणि मातोश्रींनीं श्वास घेतलेला स्पष्ट ऐकूं आला. कुटुंबानें पदर डोळ्यांना लावला.

ती कापलेली पिन आमच्या मेजाच्या खणांत आहे. वर्गांत एखादा विद्यार्थी अडचणीचे प्रश्न विचारूं लागला आणि त्याला गप्प बसविण्याचा मोह झाला, कीं आम्हांला तिची आठवण होते.