उबेचा हिशेब

उष्णता आणि ऊब हे मराठीतले दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. उष्णता चुलीला असते, उन्हाला असते. ऊब गोधडीला असते, आईच्या कुशीला असते, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पंखांखाली असते. उष्णता निर्माण करावी लागते, ऊब राखावी लागते. महाराष्ट्रात होतो तोवर हा भेद मला केवळ भाषेचा वाटत होता. दिल्लीतल्या हिवाळ्यांनी तो विजेच्या बिलाचा आणि प्रकृतीचाही आहे, हे शिकवले.

दिल्लीतली जुनी घरे उन्हाळ्याशी झुंजण्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, मोझॅकची गार फरशी, छताजवळची रोशनदाने, दारांखाली बोटभर फट. मे महिन्यात उपकार करणारी ही सारी व्यवस्था जानेवारीत वैरी होते. पारा तीन-चार अंशांवर उतरला की घराघरांत हीटर लागतात. दोन हजार वॅटचा हीटर दर अर्ध्या तासाला एक युनिट वीज खातो. रोज पाच तास लावला तर महिन्याची 300 युनिटे होतात. एवढे करून तापलेली हवा वर चढते, रोशनदानातून निघून जाते, आणि खाली बसलेल्या माणसाचे पाय गारच राहतात. आपण खोली तापवत नसतो, आकाश तापवत असतो.

आई साताऱ्याकडचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती 78 वर्षांची होती. तिच्या खोलीत आम्ही हीटर ठेवला. आम्ही निजायला गेलो की ती उठून तो बंद करी. विचारले तर म्हणे, "अरे, मला कुठे एवढी थंडी वाजते? उगाच मीटर पळतो." एका पहाटे तिच्या खोलीतला तापमापक पाहिला, पारा 12 अंशांवर होता. तिची काटकसर ही आयुष्यभराची सवय होतीच, पण तेवढीच नव्हती. आपला भार मुलावर कमीत कमी पडावा, ही त्यामागची धडपड होती. वय वाढले की थंडीची जाणीवही मंदावते. म्हणून "मला थंडी वाजत नाही" हे बोलणाऱ्याला अगदी खरे वाटले, तरी गारठ्याने रक्तवाहिन्या आखडायच्या आणि रक्तदाब चढायचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली थंड ऋतूत घरातले तापमान निदान 18 अंश असावे, असे सुचवले आहे. आईला हीटर लावायला भाग पाडणे सोपे होते. तिच्या मनाला टोचणार नाही अशी ऊब तिला देणे अवघड होते.

अशा वेळी, ज्यांचा थंडीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे त्यांच्याकडे पाहावे. काश्मिरात 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचे ‘चिल्लई कलान’ सुरू होते. त्यामागून 20 दिवसांचे ‘चिल्लई खुर्द’ आणि 10 दिवसांचे ‘चिल्लई बच्चा’. या काळात काश्मिरी माणूस ढगळ फेरनच्या आत कांगरी धरून वावरतो. मातीचे लहानसे भांडे, त्याभोवती काटक्यांची वीण, आत मूठभर निखारे. खोली गार असली तरी चालते, माणूस उबदार असला म्हणजे झाले. इंधनाची याहून मोठी बचत कल्पिता येणार नाही. परंतु या बचतीचीही किंमत आहे. वर्षानुवर्षे कांगरीची धग लागून पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेला होणारा कर्करोग वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. त्याला नावच ‘कांगरी कॅन्सर’ असे पडले. पैसा वाचला आणि देहाने तो चुकता केला, तर त्याला बचत म्हणता येत नाही.

लडाखने दुसरी वाट दाखवली आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. रात्री हाडे गोठवणाऱ्या, पण दिवस बहुधा निरभ्र. लेहजवळच्या फे गावी ‘सेकमोल’ या 1988 साली स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारती आहेत. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अशा रचल्या आहेत की हिवाळ्यात त्यांची मुख्य भिस्त सूर्यावरच असते. दक्षिणेला काचा, जाड मातीच्या भिंती, आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. दिवसा भिंत ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू आत सोडते.

आपल्याकडे दक्षिणमुखी घर म्हटले की लोक नाक मुरडतात. ती यमाची दिशा मानलेली. पण उत्तर भारतात हिवाळ्यातले जीवन याच दिशेने घरात येते. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 38 अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर शिरते. जूनमध्ये तोच सूर्य माथ्यावर असतो आणि त्या खिडकीला फारसा त्रास देत नाही.

आईची खोली आम्ही बदलली. दक्षिणेची खिडकी तिच्या वाट्याला आली. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढला. फरशीवर जाजम अंथरले. दाराखालच्या फटीला कापडाची वळी लावली. उरलेले तिनेच केले. जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या तिने गाठोड्यातून काढल्या आणि एक गादीवर अंथरली, कारण गारवा खालूनही येतो हे तिला ठाऊक होते. गोधडी स्वतः काही तापत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या देहातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडत असते. लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा ती पळू देत नाही, एवढेच. रात्री पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी. दोन लिटर पाणी 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापवायला युनिटच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी वीज लागते. तेवढ्या विजेवर आमचा हीटर चार मिनिटेही चालत नाही.

सकाळी ऊन आले की पडदे सारणे आणि उन्हे कलली की ते ओढून घेणे, हे आईने आपले काम मानले. हीटर दिवेलागणीला दोन तास आणि पहाटे एक तास लावायचा, हा नियमही तिनेच घालून दिला. तापमापक वाचून ती आम्हाला आकडा सांगे. तो 18च्या खाली असला तर हीटर ती स्वतः लावी. ज्या घरात तिला आपण पाहुणे आहोत असे वाटत होते, तिथल्या एका शास्त्रात ती आता जाणकार ठरली होती. सोसणे आणि राखणे यांतला फरक मला तिच्या हातांत दिसला.

एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षाने टाळली: बंद खोलीत कोळशाची शेगडी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही. स्वस्तातली ऊब शोधणारी कुटुंबे अशा शेगडीपायी गेल्याच्या बातम्या उत्तरेत हिवाळ्यात वाचायला मिळतात.

पण हा सारा हिशेब भिंती असलेल्यांचा आहे. आमच्या फाटकावरचा चौकीदार रात्रभर पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. पूर्वी तो पालापाचोळ्याची शेकोटी करी. हवा बिघडते म्हणून उघड्यावर जाळण्यास मनाई झाली, आणि सोसायटीने त्याला विजेचा हीटर दिला. पत्र्याच्या चार भिंतींत तो हीटर रात्रभर तांबडा होऊन जळे आणि चौकीदार तरीही कुडकुडत असे. पत्रा उष्णता राखत नाही, हे आईने खिडकीतूनच ओळखले. मी सभेत ते सांगितले. केबिनला आतून प्लायवूड ठोकले, दाराला जाड पडदा लावला, बसायला लाकडी फळी आणि तिच्यावर एक घडी घातलेली गोधडी दिली. सोसायटीच्या वहीत ‘फाटकावरील केबिन – प्लायवूड व मजुरी’ अशी एक ओळ पडली. हीटर आता कमी वेळ लागतो. गोधडीची नोंद मात्र वहीत नाही. ती आईने दिली होती.