रेषेच्या बाहेर

बँकेत छत्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली. धोका दिसताच स्वतः पुढे होऊन तो अडवायचा, ही सवय त्या खुर्चीने लावली. निवृत्तीनंतर पुतण्याच्या भुसार दुकानाचे हिशेब पाहू लागलो. खुर्ची सुटली होती. सवय सुटली नव्हती.

एकदा पुतण्याने एका जुन्या गिऱ्हाइकाला चाळीस पोती तांदूळ उधारीवर देण्याचे कबूल केले. मी त्या गृहस्थांसमोरच म्हणालो, "आधीची बाकी येऊ द्या, मग पाहू." रक्कम वाचली. परंतु त्या दिवसापासून गिऱ्हाइके व्यवहाराआधी विचारू लागली, "काका आहेत का?" पुतण्या मला काही बोलला नाही. उधारीची वही माझ्यापुढे सरकवून तो गोदामात जाऊन बसू लागला.

याच सुमारास, ४ जुलै २०२३ रोजी, बंगळुरू येथील सॅफ फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्यावर लाल कार्डामुळे बंदी होती. संघाची सूत्रे साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी यांच्याकडे होती. गोव्याचे गवळी हे एकेकाळचे भारताचे आणि धेंपो संघाचे भरवशाचे बचावपटू. चेंडू आणि गोल यांच्यामध्ये स्वतःचा देह घालणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्या सायंकाळी कुवेतने आधी गोल केला, तेव्हा मात्र त्यांना रेषेबाहेरच उभे राहावे लागले. पूर्वार्धातच छांगटेने बरोबरी साधली. पुढे पेनल्टीवर निकाल लागायचा होता, तेव्हाही शिकवायचे ते शिकवून झाले होते. अखेरची किक गोलरक्षक गुरप्रीतने अडवली आणि भारत ५-४ असा विजयी झाला.

त्या रात्री झोप लागली नाही. खेळाडूने चेंडू अडवायचा असतो. प्रशिक्षकाने अडवणारा घडवायचा असतो. मी पुतण्याला घडवण्याऐवजी त्याच्याच मैदानात उतरलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझी बैठक आतल्या खोलीत हलवली. आता दर रविवारी आम्ही दोघे येणे-बाकी पाहतो. मला वाटते ते मी तेथेच सांगतो. काही दिवसांनी तेच गृहस्थ आले. "काका आहेत का?" हा प्रश्न आत ऐकू आला. मी उठलो नाही. पुतण्याने बोलणी करून वीस पोती दिली.

त्यातील निम्मी रक्कम अजून येणे आहे. वसुली तोच करतो आहे.